ऑक्सिजन सेन्सर आणि मोटारीतील इंधनपुरवठा : महाराष्ट्राच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
मोटार उद्योगाच्या इतिहासात कारखानदार व कामगार यांची दखल घेतली जाते. इंजिनातील लहान भागांची सहसा घेतली जात नाही. ऑक्सिजन सेन्सर हा असाच एक दुर्लक्षित भाग होय. त्याच्या आगमनाने इंधनपुरवठ्यात झालेल्या स्थित्यंतराचा आढावा घेणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कार्ब्युरेटरचा कालखंड :
मुंबईतील कुर्ला येथे तयार झालेली प्रीमियर पद्मिनी ही या कालखंडाची प्रातिनिधिक मोटार होय. कार्ब्युरेटरमध्ये हवेच्या वेगाने पेट्रोल ओढले जाई आणि मिश्रणाचे प्रमाण मेकॅनिक इंजिनाचा आवाज ऐकून, स्क्रू फिरवून ठरवीत असे. एक भाग पेट्रोलच्या संपूर्ण ज्वलनासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. परंतु हे प्रमाण सतत राखण्याचे साधन कार्ब्युरेटरजवळ नव्हते.

सेन्सरचे कार्य :
बॉश कंपनीने विकसित केलेला लॅम्बडा सेन्सर १९७६ मध्ये प्रथम व्होल्व्हो मोटारींत बसविला गेला. झिर्कोनियाच्या या सेन्सरची एक बाजू धुरात, तर दुसरी बाहेरील हवेत असते. दोहोंतील ऑक्सिजनच्या फरकातून विद्युतदाब निर्माण होतो. मिश्रणात पेट्रोल अधिक असल्यास तो सुमारे ०.९ व्होल्ट, तर हवा अधिक असल्यास ०.१ व्होल्ट असतो. त्यानुसार नियंत्रक इंजेक्टर उघडा राहण्याचा काळ कमीअधिक करतो. मात्र सेन्सर पुरेसा तापेपर्यंत ठरावीक प्रमाणानेच पेट्रोल दिले जाते.

कायद्याची भूमिका :
हे तंत्र भारतात रुजले ते प्रामुख्याने कायद्यामुळे. १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरक परिवर्तक सक्तीचा झाला. तथापि अनेक मोटारींत कार्ब्युरेटर कायम राहिला. शिसे हे परिवर्तक व सेन्सर या दोहोंस मारक असल्याने २००० मध्ये देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९९ च्या आदेशाने राजधानी परिसरात युरो मानके लागू झाली आणि इंजेक्शन प्रणालीचा प्रसार वेगाने झाला. पुढे भारत स्टेज-४ मानक २०१० मध्ये मुंबई, पुणे, सोलापूर आदी शहरांत आले. देशभर मात्र १ एप्रिल २०१७ पासून.

ग्रामीण संदर्भ :
चिखली तालुक्यातील उंद्रीसारख्या गावात प्रमुख वाहन मोटारसायकल आहे. तिच्यात इंजेक्शन व सेन्सर मोठ्या प्रमाणावर आले ते २०२० च्या भारत स्टेज-६ मानकानंतर. म्हणजेच महानगरातील मोटारीपर्यंत पोहोचलेले तंत्र गावातील दुचाकीपर्यंत येण्यास दोन दशके लागली. दरम्यान २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल आले. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असल्याने त्याच्या ज्वलनास कमी हवा लागते. सेन्सर असलेले इंजिन हा फरक ओळखून इंधन वाढविते. जुन्या कार्ब्युरेटरला ते शक्य नाही, आणि मिश्रण विरळ राहते.

निष्कर्ष :
मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. गावोगावच्या कार्ब्युरेटर दुचाकी मात्र अद्याप धावत आहेत. मिश्रण जुळविण्याचे मेकॅनिकच्या कानातील ज्ञान आता स्कॅनरकडे गेले आहे, पण तो स्कॅनर प्रत्येक गॅरेजमध्ये पोहोचलेला नाही. इंधनाचे धोरण देशभर एकच असले, तरी ते पेलणारी यंत्रे व कौशल्ये सर्वत्र सारखी नाहीत, हे या इतिहासातून स्पष्ट होते. ग्रामीण मेकॅनिकच्या प्रशिक्षणाचा विचार या धोरणाचा भाग म्हणूनच व्हावयास हवा.