नाटकाची थीम, वाड्यातलं लग्न आणि ‘शारदा’चा घोळ

मावसबहिणीचं लग्न पुण्यातल्या एका जुन्या वाड्यात ठरलं. थीम काय, तर संगीत नाटक! पत्रिका जुन्या नाटकाच्या जाहिरातीसारखी, मंगलाष्टकांआधी तीन घंटा आणि अंतरपाट मखमली पडद्याचा. मला फर्मान आलं, “दादा, तू पीएचडी करतोयस ना, मग प्रत्येक दालनाच्या पाटीवर दोन ओळी इतिहास लिहून दे.”

काम सोपं वाटलं. आपल्या रंगभूमीच्या इतिहासात लग्नं भरपूर. १८४३ मध्ये सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी केलेलं नाटक ‘सीता स्वयंवर’. किर्लोस्करांच्या ‘सौभद्र’मध्ये (१८८२) सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी ठरतंय आणि तिचं मन अर्जुनावर. वधूच्या खोलीला बहिणीने नाव ठेवलं होतं ‘शारदा’. मी लगेच लिहिलं: “देवलांचं नाटक, १८९९. याच नाटकामुळे शारदा कायदा आला.”

लहानपणापासून ऐकलेलं वाक्य. तपासायची गरजच वाटली नाही. पाट्या छपाईला जायच्या आदल्या रात्री सहज कायदा उघडून बघितला आणि चरकलो.

कायद्याचं खरं नाव बालविवाह प्रतिबंधक कायदा, १९२९. मुलीचं वय किमान १४, मुलाचं १८. तो १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. विधेयक मांडलं अजमेरच्या हरबिलास सारडा यांनी, म्हणून ‘सारडा कायदा’. मराठीत त्याचा ‘शारदा’ झाला आणि नाटकाशी नातं आपोआप जुळलं. नाव सारखं, विषय जवळचा, नाटक आधीचं. तीन गोष्टी जुळल्या की आपण कार्यकारणभाव गृहीत धरतो. प्रयोगशाळेत मी असं कधीच मान्य केलं नसतं!

मग नाटकाचा काहीच परिणाम झाला नाही का? असंही लगेच म्हणू नका. तो वेगळा प्रश्न आहे आणि त्याला वेगळा पुरावा लागेल: त्या काळच्या वर्तमानपत्रांतली परीक्षणं, वाचकांची पत्रं, कायद्यावरच्या चर्चेत नाटकाचा उल्लेख. शिवाय बाण उलटाही असू शकतो. रखमाबाईंचा खटला १८८४ ते १८८८ मध्ये गाजला, संमतीवयाचा कायदा १८९१ चा. म्हणजे वाद आधीच पेटलेला होता, ‘शारदा’ त्यानंतर रंगमंचावर आली.

आणखी एक गोष्ट, जी संहिता वाचल्याशिवाय कळत नाही. म्हाताऱ्या भुजंगनाथाशी शारदेचं लग्न मोडतं ते वयाच्या अन्यायामुळे नव्हे, तर वधूवर सगोत्र असल्याचं उघड होतं म्हणून. नाटककाराला अन्याय दिसत होता, पण ते लग्न थांबवायला कारण शास्त्रातलंच शोधावं लागलं. त्या काळाबद्दल हे तपशील ‘नाटकामुळे कायदा आला’ या वाक्यापेक्षा कितीतरी जास्त सांगतात.

बहिणीला हे सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “अरे, पैशांसाठी बापाने विकलेल्या मुलीचं नाव मी माझ्या खोलीला देत होते?” खोलीचं नाव बदललं. आता तिथे ‘रुक्मिणी’ आहे, खाडिलकरांच्या ‘स्वयंवर’मधली (१९१६). ही भूमिका बालगंधर्वांनी गाजवली. म्हणजे आपला वर आपणच ठरवणारी ही वधूसुद्धा रंगमंचावर पुरुषानेच उभी केली होती. पाटीवर तेही लिहिलंय.

आता तुमच्याकडे वळतो. तुमच्या संशोधन आराखड्याच्या पहिल्या पानावर ‘यामुळे’ हा शब्द कुठे आलाय ते शोधा. त्या प्रत्येक ‘यामुळे’पुढे समासात लिहा: हे मला कुठून कळलं? उत्तर ‘सगळेच म्हणतात’ असं आलं, तर आधी मूळ कागद उघडा. माझी पाटी छापायच्या आधी सापडली. प्रबंध मात्र छापून झाल्यावर दुरुस्त करणं फार अवघड जातं.