पद्मा पूल

पद्मा पूल : बांगलादेशातील पद्मा नदीवर मावा (मुन्शीगंज जिल्हा) व जाजिरा (शरियतपूर जिल्हा) यांना जोडणारा दुमजली पूल. लांबी ६.१५ किमी. वर चौपदरी रस्ता, खाली एकेरी लोहमार्ग. उद्घाटन २५ जून २०२२.

गंगेचा मुख्य प्रवाह बांगलादेशात पद्मा या नावाने ओळखला जातो. पूल गंगा-ब्रह्मपुत्रा संगमाच्या खालच्या अंगाला असल्याने दोन्ही महानद्यांचा पूर त्याच्याखालून जातो. पात्रात पाया टेकवायला खडक नाही. खोलवर नुसती वाळू आणि गाळ. मोठ्या पुरात तीही वाहून जाते. तळ साठ मीटरपर्यंत खरवडला जाईल असे धरूनच पायाची आखणी झाली. तीन मीटर व्यासाच्या पोलादी नळ्या जर्मन बनावटीच्या महाकाय हातोड्यांनी सुमारे १२० मीटर खोलीपर्यंत, किंचित तिरप्या ठोकल्या गेल्या. काही ठिकाणी चिकणमातीचे थर लागल्यामुळे २२ खांबांखाली सहाऐवजी सात नळ्या घ्याव्या लागल्या व त्यात बराच काळ गेला. या पुलाची खरी थोरवी डोळ्यांना दिसणाऱ्या भागापेक्षा या पायात आहे.

प्रत्येकी १५० मीटरचे ४१ पोलादी गाळे तरंगत्या क्रेनने उचलून खांबांवर बसवले गेले. पहिला ३० सप्टेंबर २०१७ रोजी व अखेरचा १० डिसेंबर २०२० रोजी बसला. मुख्य पुलाचे काम चिनी कंपनीने केले.

भ्रष्टाचाराच्या आरोपांवरून जागतिक बँकेने २०१२ मध्ये १२० कोटी डॉलरचे कर्ज रद्द केले. तेव्हा बांगलादेशाने स्वतःच्या पैशाने पूल बांधायचे ठरवले. एकूण खर्च ३० हजार कोटी टक्यांच्या वर गेला. या आरोपांशी संबंधित खटल्यात कॅनडातील न्यायालयाने २०१७ मध्ये आरोपींना निर्दोष सोडले.

पुलाने नैर्ऋत्येकडील २१ जिल्हे राजधानी ढाक्याशी थेट जोडले. पूर्वी मालमोटारी आणि रुग्णवाहिकाही फेरीबोटीच्या रांगेत तासन्‌तास अडकत. दाट धुके पडले की फेऱ्याच बंद होत. ऑगस्ट २०१४ मध्ये मावाजवळ ‘पिनाक-६’ ही क्षमतेपेक्षा जास्त प्रवासी भरलेली लाँच बुडून अनेकांचा जीव गेला होता. आता तीच नदी गाडीने काही मिनिटांत ओलांडता येते. मोंगला बंदर आणि बेनापोलच्या सीमानाक्याकडे जाणारा माल, तसेच खुलना-बारिशाल भागातील मासळी व भाजीपाला यांना याचा मोठा लाभ झाला. पुलावरून ढाका-भांगा रेल्वे ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली. मात्र ढाका-बारिशाल मार्गावरील लाँचचे प्रवासी घटले आणि मावा घाटावरच्या फेरीवर पोट असलेल्या अनेकांना दुसरे काम शोधावे लागले.