मनीची हनुवटी, जंतुनाशकाची बाटली आणि स्टीलची वाटी



गेल्या आठवड्यात पुण्याहून नातीचा फोन आला. "आजी, माऊच्या हनुवटीवर काळे काळे ठिपके आलेत. बाटलीतलं जंतुनाशक पाण्यात घालून पुसू का?" मी जवळजवळ ओरडलेच, "अजिबात नको!" त्या ओरडण्यामागे पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे.

लग्न होऊन मी सांगलीला आले तेव्हा सासऱ्यांचं हळदीचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागच्या घरात मनी होती. तिच्याही हनुवटीवर असेच ठिपके आले. मी नवी नवी, शिकलेली सून. स्वच्छतेचा उत्साह दांडगा. पाण्यात पडताच दुधासारखं पांढरं होणारं जंतुनाशक घेतलं आणि दोन दिवस हनुवटी चोळून पुसली. मनीच्या तोंडातून लाळ गळू लागली, चालताना झोक जाऊ लागला, खाणं सुटलं. चौथ्या दिवशी ती गेली. सासूबाई म्हणाल्या, "वय झालं होतं तिचं." मीही तेच धरून बसले. खरं काय ते पुष्कळ वर्षांनी एका जनावरांच्या डॉक्टरांकडून कळलं.

या बाटल्यांचा इतिहास फार जुना नाही. 1834 मध्ये रुंगं नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं दगडी कोळशाच्या डांबरातून कार्बोलिक आम्ल, म्हणजेच फिनॉल, वेगळं काढलं. इंग्लंडमधल्या कार्लाइल गावी सांडपाण्याची घाण मारायला ते वापरत. ते ऐकून ग्लासगोच्या जोसेफ लिस्टर यांनी 1865 मध्ये गाडीखाली पाय मोडलेल्या एका मुलाच्या जखमेवर ते लावलं. जखम चिघळली नाही, पाय वाचला. 1867 मध्ये त्यांनी आपले अनुभव छापले आणि शस्त्रक्रियेचं रूपच पालटलं. पुढे त्याच फिनॉलची भावंडं साबणात, फिनेलमध्ये, जंतुनाशकांत येऊन आपल्या न्हाणीघरात पोचली. त्या उग्र वासालाच आपण स्वच्छता म्हणू लागलो.

माणसांचे प्राण वाचवणारी ही चीज मांजराला मात्र विष. आपलं यकृत अशी द्रव्यं एका विशिष्ट साखळीनं बांधून शरीराबाहेर टाकतं. मांजराकडे ते काम करणारं एक महत्त्वाचं जनुकच निकामी आहे. म्हणून फिनॉल त्याच्या अंगात साठत जातं. पॅरासिटामॉलची गोळी मांजराच्या जिवावर उठते, तीही याच कारणानं. शिवाय मांजर सतत अंग चाटतं. अंगाला लावलेलं शेवटी पोटातच जातं.

आता ते ठिपके. आपल्या नाकावर येतात तशाच त्या काळ्या पुटकुळ्या असतात. हनुवटीच्या त्वचेतल्या तेलाच्या ग्रंथी तुंबतात. नेमकं कारण एकच असं सांगता येत नाही, पण प्लास्टिकच्या भांड्यावर डॉक्टरांचा संशय असतो. प्लास्टिकला ओरखडे पडतात आणि त्यात तेलकटपणा नि जंतू बसतात. आपल्या घरातल्या बादल्या-टोपल्यांचं पॉलिथीन 1933 मध्ये इंग्लंडमधल्या नॉर्थविच इथे एका प्रयोगात योगायोगानं सापडलं. स्टेनलेस स्टील त्याहून जुनं. 1913 मध्ये शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांना बंदुकीच्या नळीसाठी न झिजणारा धातू शोधताना ते गवसलं. बंदुकीसाठीचा शोध आपल्या मांडणीवर ताट-वाटी होऊन बसला. म्हणून नातीला पहिलं सांगितलं, प्लास्टिकचा वाडगा काढ, स्टीलची वाटी ठेव आणि ती रोज गरम पाण्यानं घासून धू.

दुसरं, उकळून गाळलेलं पाणी आपल्याकडे असतंच. ते कोमट झालं की स्वच्छ कापूस भिजवून पिळायचा आणि हनुवटीवर पाचेक मिनिटं नुसता धरायचा. दिवसातून दोनदा. चोळायचं नाही, ठिपके पिळायचे तर मुळीच नाहीत. मग मऊ कापडानं टिपून कोरडं करायचं. तेल, हळद, टी ट्री तेल काही लावायचं नाही.

तिसरं, ते ठिपके पिसवांची विष्ठाही असू शकते. ओल्या पांढऱ्या कागदावर ठिपका दाबून पाहा. तांबूस डाग पसरला तर पिसवा आहेत.

हनुवटी सुजली, लाल झाली, पू किंवा रक्त आलं, केस गळाले, तर घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांकडे जायचं. खरूज आणि गजकर्णही असेच दिसू शकतात. क्लोरहेक्सिडिनसारखं औषध लागलं तरी कोणतं आणि किती पातळ करून, ते त्यांनीच ठरवायचं.

काल नातीनं माऊचा फोटो पाठवला. ठिपके पुष्कळ कमी झालेत, शेजारी माझ्याच माहेरच्या संचातली स्टीलची वाटी दिसते.

दरवर्षी क्षमावाणीच्या दिवशी मी सगळ्यांची क्षमा मागते, तेव्हा मनीचं नाव मनात घेते. मी तिला मुद्दाम काही केलं नाही, पण विचारलंही नाही कुणाला. तुमच्या दारात मांजर असेल तर बाटली उघडण्याआधी एकदा विचारा.