शामोनीचा उन्हाळा

हिवाळी ऑलिंपिकने १९२४ साली शामोनीला हिमक्रीडेचे नगर म्हणून जगन्मान्यता दिली खरी. परंतु आल्प्सच्या कुशीतील या गावाचे भाग्य उजळले होते ते त्यापूर्वीच, आणि तेही उन्हाळ्यात. जिनिव्हाचा विद्वान सोस्यूर याने १७६० साली माँ ब्लाँच्या माथ्याची वाट शोधणाऱ्यास इनाम जाहीर केले, आणि ८ ऑगस्ट १७८६ रोजी, स्फटिकांच्या शोधात डोंगर तुडविणारा बाल्मा व गावचा वैद्य पाकार हे दोघे त्या शिखरावर पोहोचले. पाकारच्या वाट्याला मात्र दीर्घकाळ उपेक्षाच आली, हे मनाला लागते. पुढे १८२० साली हिमलोटात तीन वाटाडे गाडले गेले, तेव्हा आपद्ग्रस्त कुटुंबांच्या निर्वाहाची तजवीज करणारी वाटाड्यांची संस्था पुढच्याच वर्षी उभी राहिली.