अंबरनाथची आगपेटी

कल्याणहून जातांना बदलापूरच्या अलीकडचें स्टेशन अंबरनाथ. इ. स. १०६० मधील शिवालयामुळें हें गांव प्रसिद्ध. परंतु या बाजूच्या लोकांच्या पोटापाण्याशीं त्याचा संबंध जडला तो आगपेटीमुळें.

१९२२ सालीं हिंदुस्थान सरकारनें परदेशी आगपेट्यांवरील जकात दर ग्रोसास १ रुपया ८ आणे केली. हेतु तिजोरी भरण्याचा होता. पण जकातीची भिंत उंच झाली म्हणजे धूर्त व्यापारी भिंतीच्या आंतच बिऱ्हाड करतो. स्वीडनमधील बलाढ्य आगपेटी कंपनीनें तेंच केलें. १९२३ मध्यें तिनें वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजेच ‘विम्को’, स्थापन केली आणि अंबरनाथास कारखाना उभारला. येथें राहावयाचें तर किती माणसांस काम देणार, असें इंग्रजी अमलांत युरोपियन भांडवलदारास कोण विचारणार!

काम मात्र मिळालें. ओंडके सोलून पातळ पापुद्रे काढणें, त्यांच्या काड्या कापणें, टोंकांस गूल चढविणें, पेट्या भरणें. यंत्रें असलीं तरी माणसांचे हात लागतच. भातकापणी उरकल्यावर रिकामें बसावें लागणाऱ्या या पट्ट्यांत बारमाही मजुरी ही लहान गोष्ट नव्हती.

पण हिशेब एवढ्यावर मिटत नाहीं. त्याच जकातीच्या आडोशानें देशी माणसांनींहि लहान कारखाने काढले होते. स्वीडिश कंपनी स्वस्त माल विकून आपल्याला बुडवील, हें त्यांचें गाऱ्हाणें. टॅरिफ बोर्डानें चौकशी केली व १९२८ सालीं ती जकात संरक्षक म्हणून कायम झाली. बाहेरचा माल अडला. आंत आलेला प्रतिस्पर्धी तसाच राहिला. शिवकाशीच्या हातकामानें टिकाव धरला तो स्वस्त मजुरीवर आणि पुढें अबकारी करांतील सवलतींवर. अंबरनाथास मिळालेली रोजी डोळ्यांना दिसते. बंद पडलेल्या छोट्या कारखान्यांतील रोजी कोणाच्या वहींत मांडली गेली?

मूळ कंपनीचा सूत्रधार इव्हार क्रूगर यानें १९३२ मध्यें पॅरिसला आत्महत्या केली आणि त्याच्या हिशेबांतील लबाडी जगापुढें आली. अंबरनाथचा कारखाना मात्र त्या वादळांतूनहि तरला.

२०१६ सालीं भारत सरकारनें परदेशी गुंतवणूकदारास १० वर्षांच्या निवासाची सवलत देऊं केली. अट अशी कीं, १८ महिन्यांत १० कोटी किंवा ३६ महिन्यांत २५ कोटी रुपये गुंतवावे आणि दर वर्षीं निदान २० भारतीयांस नोकरी द्यावी. विसांची मोजदाद सोपी आहे. त्यांच्यापायीं शेजारच्या गल्लींतील किती जागा गेल्या, याला रकाना नाहीं.

विम्कोची मालकी २००५ मध्यें आयटीसीकडे गेली. अंबरनाथास विम्को नाका हें नांव राहिलें आहे.