सारंगाच्या पुढची पायरी

आमच्या पेडगावच्या काळ्या शिवारात समुद्र भेटतो तो भूगोलाच्या पुस्तकातच. तरीही गेल्या पावसाळ्यात वर्गातल्या एका शेतकऱ्याच्या मुलाने मला विचारले, "गुरुजी, बोटीवर खलाशी म्हणून लागलेला माणूस कधी कप्तान होतो का हो?" प्रश्न साधा, पण वाचकहो, त्याचे उत्तर द्यायला मला शंभर वर्षे मागे जावे लागले.

त्या काळी रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील कितीतरी घरांतले तरुण इंग्रजी कंपन्यांच्या आगबोटींवर जात. नवखा पोरगा खलाशी होई. पुढे कसब, मग टंडेल आणि नशीब थोर असेल तर सारंग. खाली यंत्रघरात आगवाल्यांचा सारंग वेगळा. माणसे निवडायची ती सारंगाने. त्यामुळे जागा मिळवायला त्याचा हात ओला करावा लागे आणि कर्ज काढूनच घर सुटे. पण सारंगाच्या पुढे शिडीच संपत असे. वारा आणि दोर यांत केस पांढरे झालेला सारंग कालपरवा आलेल्या गोऱ्या मेटचा हुकूम झेली. पहिल्या महायुद्धात समुद्रावर कामी आलेल्या दोन हजारांहून अधिक नाविकांचे स्मारक मुंबईच्या मशीद बंदरातील खलाशीगृहात आहे. मरणाला मात्र हुद्द्याची अट नव्हती!

५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' बोट मुंबईहून विलायतेस निघाली. या उद्योगातले एक धुरीण वालचंद हिराचंद हे आमच्यासारखेच समुद्रापासून दूरच्या गावचे, सोलापूरचे. तोच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. बोट देशी झाली; परंतु देशी अधिकारी घडवणारी शाळा कुठे होती? १९२३ साली सरकारने समिती नेमली आणि १९२७ साली मुंबई बंदरात 'डफरिन' ही शिक्षणनौका उभी राहिली. तिथून निघालेला मुलगा समुद्रावर उमेदवारी करी, परीक्षा देत सेकंड मेट, फर्स्ट मेट व अखेर मास्टर, म्हणजे कप्तान होई. १९७२ साली तिची जागा 'राजेंद्र'ने घेतली आणि १९९३ पासून 'चाणक्य' ही संस्था नवी मुंबईत जमिनीवर हे काम करू लागली.

तरी हा जिना शिकलेल्या घरच्या मुलांसाठी होता. खलाशाचा जिना निराळाच राहिला. १९७८ च्या आंतरराष्ट्रीय करारात मात्र दोन्ही जिने जोडणारी एक पायरी आहे: ठरावीक काळ समुद्रसेवा केलेला साधा नाविकही शिक्षण घेऊन, परीक्षा उतरून अधिकारी होऊ शकतो.

म्हणून मी त्या मुलाला म्हणालो, "होतो बाळा, पण वाट लांब आहे. आणि नोकरी लावून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर एक पैही देऊ नकोस. नाविकाकडून असे पैसे घेणे आता कायद्याने बंद आहे. सारंगाचा तो जुना हात आजही कुठे कुठे पुढे येतोच."

त्याने क्षणभर विचार केला. "परीक्षा मराठीत असते?"

"नाही रे. इंग्रजीत."

तो गप्प बसला. संध्याकाळी मात्र दारात उभा होता, इंग्रजीचे पुस्तक मागायला.