मधुमेही पाऊल आणि जंतुसंसर्ग : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

इन्सुलिनचा शोध ही वैद्यकाच्या इतिहासातील विजयगाथा मानली जाते. जानेवारी १९२२ मध्ये टोरोंटो येथे एका १४ वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचण्यात आले आणि पुढील काळात मधुमेही मूर्च्छेने होणारे मृत्यू झपाट्याने घटले. या विजयाची दुसरी बाजू मात्र क्वचितच सांगितली जाते. रुग्णांचे आयुष्य वाढले आणि मरण पायाच्या वाटेने येऊ लागले. बोस्टनचे मधुमेहतज्ज्ञ एलियट जॉस्लिन यांनी १९३४ मध्येच गँगरीनच्या वाढत्या धोक्याकडे लक्ष वेधले. हा विकार दैवाधीन नसून पायांची निगा राखल्यास बहुतांशी टळू शकतो, असे त्यांचे प्रतिपादन होते.

शल्यचिकित्सकांपुढे तेव्हा पर्याय तोकडे होते. रक्तपुरवठा मंदावलेल्या पावलात संसर्ग शिरला की पाय वरून कापणे हाच सुरक्षित मार्ग समजला जाई. पेनिसिलिन हाती आल्यावर चित्र पालटले. बोस्टनच्याच लेलँड मॅककिट्रिक व सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये पावलाचा केवळ पुढचा भाग काढून उरलेला पाय वाचविण्याच्या शस्त्रक्रियेचे अनुभव प्रसिद्ध केले.

तरीही जखमा होतच राहिल्या. त्यांचे मूळ उलगडण्यास साहाय्य झाले ते कुष्ठरोगाच्या अभ्यासाचे, आणि तेही भारतात. १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात दाखल झालेल्या पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, कुष्ठरुग्णांची बोटे रोगाने आपोआप झडत नाहीत. बधिर पावलावर रोजच्या चालण्याचा दाब पडून जखम होते, वेदना नसल्याने ती दुर्लक्षित राहते आणि मग जंतूंना वाट मिळते. १९६६ मध्ये अमेरिकेतील कारव्हिल येथील कुष्ठरुग्णालयात गेल्यावर हीच दृष्टी त्यांनी मधुमेही पायाला लावली. तळव्यावरील दाब विभागणारे प्लास्टर कुष्ठरोगाच्या उपचारांतूनच मधुमेहाकडे आले. समाजाने दूर लोटलेल्या रुग्णांचे हे ऋण पाठ्यपुस्तकांत अभावानेच नोंदलेले आढळते.

जंतूंविषयीच्या पाश्चात्त्य निष्कर्षांनाही भारतात मर्यादा पडल्या. तेथे स्टॅफिलोकोकस ऑरियस हा प्रमुख जंतू मानला गेला. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील ८० रुग्णांच्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र ग्रॅम-ऋण जंतूंचे प्रमाण अधिक आढळले. ७२ टक्के रुग्णांत अनेक प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू होते. संसर्गाची लक्षणे नसलेल्या जखमेला प्रतिजैविके देऊ नयेत, असे अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वांनी २००४ मध्येच सांगितले होते. तपासणीसाठीही जखमेवरून फिरविलेल्या बोळ्यापेक्षा, जखम स्वच्छ केल्यानंतर तिच्या तळातून घेतलेला ऊतीचा तुकडाच अधिक विश्वसनीय मानला जातो.